मोडेम, साउंड कार्ड आणि पाच तारा

डायल-अप इंटरनेटच्या काळात फोन लागला की मोडेम शिट्टी मारायचा, मग घरघरायचा आणि खरखरायचा. तो आवाज म्हणजेच संगणकाची माहिती होती. टेलिफोनची यंत्रणा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज वाहून नेते. त्यामुळे आकड्यांचे त्या पट्ट्यात बसणारे सूर करायचे आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा आकडे करायचे, हे मोडेमचे काम. साउंड कार्डही आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडेच करते. या दोघांचे नाते किती जवळचे आहे हे नीट पाहायचे असेल, तर लिनक्सवर त्यांचे ड्रायव्हर कसे बांधले जात ते पाहावे. तिथे झाकलेले फार थोडे असते.

इंटेलने 1990च्या दशकात एसी-97 नावाचे मानक आणले. मुख्य चिप आणि आवाजाची कोडेक चिप यांच्यामध्ये त्यात फक्त पाच तारा आहेत: घड्याळाची एक, ताल जुळवणारी एक, जाणाऱ्या माहितीची एक, येणाऱ्या माहितीची एक आणि सगळे पहिल्यापासून सुरू करणारी एक. या तारांवर सेकंदाला 48,000 चौकटी धावतात. चौकट म्हणजे जणू एक छोटी रेल्वेगाडी: पुढे 16 बिटांचे इंजिन आणि मागे प्रत्येकी 20 बिटांचे 12 डबे, एकूण 256 बिट. म्हणून घड्याळाचा वेग 12.288 मेगाहर्ट्झ. पहिल्या दोन डब्यांत आज्ञा, तिसऱ्यात डाव्या कानाचा आवाज, चौथ्यात उजव्या कानाचा. आणि पाचवा डबा मोडेमच्या टेलिफोन लाइनसाठी राखून ठेवलेला! गाणे आणि इंटरनेट एकाच गाडीतून, शेजारशेजारच्या डब्यांतून जातील अशी सोय मुळातच करून ठेवली होती.

अशा मोडेमवर गणित करणारी स्वतंत्र चिपच नसे. लाइनवरचा आवाज मोजून तो पुढे द्यायचा, एवढेच त्याचे काम. प्रतिध्वनी काढून टाकणे, लाइनची विकृती ओळखून ती सुधारणे, सुरांतून बिट वेचणे हे सारे संगणकाच्या प्रोसेसरने करायचे. एक चिप वाचल्यामुळे हे मोडेम स्वस्त झाले. पण गणित करणारा प्रोग्राम कंपन्या बहुधा विंडोजसाठीच देत, म्हणून त्यांना ‘विनमोडेम’ म्हणू लागले. भारतात व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर आलेल्या असेंबल केलेल्या संगणकांत असे स्वस्त मोडेम सर्रास असत. त्यावर लिनक्स टाकले की मोडेम मुका.

उपाय होता ड्रायव्हर स्वतः बांधण्याचा. आधी ‘युनेम’ ही आज्ञा देऊन चालू कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नेमकी आवृत्ती पाहायची. त्याच आवृत्तीच्या हेडर फाइली आणायच्या, ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक’ म्हणायचे, तयार झालेले मोड्यूल रूट म्हणून जागेवर ठेवायचे आणि ‘मॉडप्रोब’ने चढवायचे. आवृत्ती जरा जरी वेगळी निघाली, तरी कर्नल ते मोड्यूल नाकारतो. प्रत्येक मोड्यूलवर ते कोणत्या कर्नलसाठी बांधले याची खूण असते आणि कर्नल ती तपासून पाहतो. हा हट्ट विनाकारण नाही. लिनक्सच्या कर्नलची आतली रचना मुद्दामच गोठवलेली नाही. ती आवृत्तीगणिक सुधारत जाते. म्हणून कर्नल नवा आला की बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधायचा.

स्मार्टलिंक कंपनीच्या ड्रायव्हरची बांधणी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. त्यात ‘एसएल-मोडेम-डी’ हा प्रोग्राम कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रामांसारखा चालतो. तो लिनक्सच्या ध्वनियंत्रणेकडून, म्हणजे अल्साकडून, टेलिफोन लाइनचे नमुने मागून घेतो, अगदी एखाद्याने गाणे रेकॉर्ड करावे तसे. अल्सामध्ये इंटेल, व्हाया आणि एटीआयच्या चिपांसाठी खास मोडेमचे ड्रायव्हर आहेत आणि ते साउंड कार्डांच्या ड्रायव्हरांशेजारीच नांदतात. फोन उचलायचा म्हणजे काय करायचे? आवाज कमी-जास्त करण्याच्या मिक्सरमध्ये ‘ऑफ-हुक’ नावाची एक कळ असते, ती चालू करायची. टेलिफोनचा रिसीव्हर उचलणे हे व्हॉल्यूमच्या पट्टीशेजारचे एक बटण होऊन बसले आहे.

ध्वनियंत्रणेची कहाणीही मोठी आहे. लिनक्सचा पहिला साउंड ड्रायव्हर फिनलंडच्या हानू सावोलायनेन यांनी 1992च्या सुमारास लिहिला. लिनस टोरवाल्ड्सचा कर्नल तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. त्यातून ओएसएस ही यंत्रणा वाढली. पुढे 1998 मध्ये चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्सा सुरू केले. त्याची सुरुवात झाली ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या एका कार्डाच्या ड्रायव्हरपासून. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 कर्नलमध्ये अल्सा मुख्य ध्वनियंत्रणा झाली. त्याआधी ते हाताने बांधावे लागे आणि क्रमही ठरलेला होता: आधी ड्रायव्हर, मग लायब्ररी, मग साधने. एवढे सगळे बिनचूक झाले तरी स्पीकर गप्पच, कारण अल्सा पहिल्यांदा बसताना सगळ्या वाहिन्या बंद ठेवत असे. ‘अल्सामिक्सर’ उघडला की पट्ट्यांखाली दोन एम दिसत. तिथे एम हीच कळ दाबायची, पट्टी वर न्यायची आणि ही मांडणी जतन करायची.

मोडेमच्या बाबतीत मात्र एक गाठ सुटली नाही. कर्नलला जोडणारा भाग कंपन्या उघडा देत, पण सुरांचे गणित बंद फाइलीत ठेवत. कोनेक्झंट चिपांचे ड्रायव्हर लिन्युझंट ही कंपनी देत असे. फुकट आवृत्तीचा वेग 14.4 किलोबिटांवर अडवलेला, 56 हवे तर पैसे भरा. आपल्यात खुला नसलेला कोड शिरला की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो. 2004 मध्ये लक्षात आले, की या ड्रायव्हरने आपल्या परवान्याच्या मजकुरात ‘जीपीएल’ या खुल्या परवान्याच्या अक्षरांनंतर शून्य मूल्याचे एक अक्षर घातले होते. सी भाषेत शून्य आले की वाक्य संपते. त्यामुळे कर्नलने ‘जीपीएल’ एवढेच वाचले, पुढच्या अटी वाचल्याच नाहीत. इशाऱ्यांच्या भडिमाराने वापरणारे गोंधळतात म्हणून तसे केले, असे कंपनीने सांगितले. कर्नलच्या विकासकांना ते पटले नाही, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते. कर्नल बिघडला तर दुरुस्त करणाऱ्याला आत काय चालले आहे ते दिसलेच पाहिजे.

स्मार्टलिंकची बंद फाइल 32 बिटांची होती आणि तशीच राहिली. 64 बिटांच्या संगणकावर तिच्यासाठी सगळा प्रोग्राम 32 बिटांचाच बांधावा लागतो. उघडा भाग मात्र पुढे सरकत राहिला. इंटेलच्या एसी-97 मोडेमचा अल्सा ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्ये राहिला आणि कर्नलबरोबर बदलत गेला. काहींनी तर ‘एसएल-मोडेम-डी’ला कार्डाऐवजी इंटरनेट टेलिफोनीचा प्रोग्राम जोडून दिला. आवाजाचे नमुने तारेतून येतात की इंटरनेटवरून, याच्याशी त्या गणिताला काही देणेघेणे नसते. त्यामुळे मोडेमच नसलेला संगणकही आज एखाद्या जुन्या मोडेमला फोन लावून त्याच्याशी बोलू शकतो.