घरी ॲम्प्लिफायर बांधताना : डबा हाही सर्किटचाच भाग



ॲम्प्लिफायरचे सर्किट टेबलावर मोकळे मांडलेले असते तेव्हा ते छान वाजते. मग आपण ते एखाद्या डब्यात बसवतो, झाकण लावतो आणि तक्रारी सुरू होतात. अर्ध्या तासाने आवाज तुटू लागतो. गाणे बंद असतानाही स्पीकर ‘घूं’ करत राहतो. डब्याला हात लावला तर झिणझिण्या येतात. सर्किट तेच असते, एकही पार्ट बदललेला नसतो. मग बिघडले काय?

याचे उत्तर सोपे आहे. डबा ही सर्किट पूर्ण झाल्यावर चढवायची सजावट नाही. उष्णता बाहेर जाण्याची वाट, घरघर आत येण्याची वाट आणि अपघातात विजेचा प्रवाह जाण्याची वाट, या तिन्ही वाटा डबा ठरवतो. म्हणून डब्याचा विचार पहिला टाका लावण्यापूर्वीच करायचा असतो. या पाठात आपण एक लहान स्टीरिओ ॲम्प्लिफायर उदाहरण म्हणून घेऊ आणि प्रत्येक निर्णयामागचे गणित पाहू.

१. आपले उदाहरण

आपण टीडीए २०३० ही आयसी घेऊ, प्रत्येक चॅनेलला एक याप्रमाणे दोन. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बंगळुरूच्या एसपी रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर किंवा दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमध्ये सहज मिळते. तिला पाच पाय असतात. पाय १ हा इनपुट, पाय २ हा फीडबॅकचा, पाय ३ ऋण पुरवठ्याचा, पाय ४ आउटपुट आणि पाय ५ धन पुरवठ्याचा.

आउटपुटपासून पाय २ पर्यंत २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि पाय २ पासून ग्राउंडकडे ६८० ओहमचा रेझिस्टर (त्याच्याशी सीरिजमध्ये २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर) जोडतात. त्यामुळे व्होल्टेज वाढ १ + २२००० ÷ ६८०, म्हणजे सुमारे ३३ पट होते. हा ३३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे घरघरीच्या हिशेबात तो लागणार आहे.

आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर व ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सीरिजमध्ये जोडायला विसरू नका. ही जोडी नसेल तर आयसी ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर आंदोलने करू शकते आणि विनाकारण तापते.

२. ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा?

अनेक नकाशांत १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर दाखवलेला असतो. वरवर हिशेब बरोबर वाटतो : १२ × १.४१ = १७ व्होल्ट, डायोडचे ०.७ वजा केले की १६.३. टीडीए २०३० ची कमाल मर्यादा ±१८ व्होल्ट आहे, मग अडचण कुठे?

अडचण अशी की ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट पूर्ण भार असतानाचे असतात. लहान ट्रान्सफॉर्मर भार नसताना सहज १५ टक्के जास्त देतो. शिवाय रात्री लाईन २३० ऐवजी २५० व्होल्टवर गेलेली असू शकते. आता पुन्हा हिशेब करा : १२ × १.१५ × (२५० ÷ २३०) = १५ व्होल्ट, त्याचे शिखर सुमारे २१ व्होल्ट. म्हणजे गाणे न लावता नुसते बटण चालू ठेवले तरी आयसीची मर्यादा ओलांडली जाते.

९-०-९, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर हाच टोकाचा हिशेब ±१५ व्होल्टच्या आसपास थांबतो आणि भार असताना सुमारे ±१२ व्होल्ट मिळतात. आयसी आत साधारण २ व्होल्ट ‘खाते’, म्हणून शिखर १० व्होल्टचे. ८ ओहमच्या स्पीकरवर शक्ती = १०² ÷ (२ × ८) = सुमारे ६ वॅट. हा आकडा छोटा वाटेल, पण खोलीत ऐकायला तो भरपूर आहे. बाजारातल्या डब्यांवर शेकड्यांत छापलेले ‘पीएमपीओ’ वॅट आणि हे खरे वॅट यांची तुलनाच होऊ शकत नाही.

३. उष्णता : बाहेर जायची वाट

अशा प्रकारच्या (वर्ग एबी) ॲम्प्लिफायरची एक गंमत आहे. तो सर्वात जास्त तापतो ते पूर्ण आवाजावर नव्हे, तर मधल्या आवाजावर. सलग साइन लहरीसाठी आयसीत निर्माण होणारी कमाल उष्णता अशी काढतात :

कमाल उष्णता = (एकूण पुरवठा)² ÷ (१९.७ × स्पीकरचा रोध)

येथे १९.७ हा आकडा ‘पाय’च्या वर्गाची दुप्पट आहे. आपला एकूण पुरवठा २४ व्होल्ट आणि स्पीकर ८ ओहमचा, म्हणून ५७६ ÷ १५७.६ = ३.७ वॅट. आयसी नुसती चालू असताना सुमारे ४० मिलीअँपिअर घेते, त्याचे आणखी १ वॅट धरा. एकूण ४.७ वॅट.

ही उष्णता चिपपासून हवेपर्यंत टप्प्याटप्प्याने जाते. प्रत्येक टप्प्याला ‘उष्णता रोध’ असतो आणि तो अंश सेल्सिअस प्रति वॅट या एककात मोजतात. विजेच्या ओहमच्या नियमासारखेच हे गणित आहे : तापमानातील फरक = वॅट × उष्णता रोध.

उन्हाळ्यात नागपूर किंवा जयपूरमधली खोली ४५ अंशांवर जाते असे धरू. डब्याच्या आत आणखी १० अंश, म्हणजे ५५. चिप १२० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. तर हाताशी १२० − ५५ = ६५ अंश आहेत. ६५ ÷ ४.७ = सुमारे १४. यातले ३ आयसीच्या आतच खर्च होतात आणि अभ्रकाची चकती व पेस्ट यात साधारण १. उरले १०. म्हणजे प्रत्येक आयसीला १० अंश प्रति वॅट किंवा त्याहून कमी रोधाचे हीटसिंक हवे. दोन्ही आयसी एकाच हीटसिंकवर असतील तर त्याचा रोध ५ हवा.

आता झाकण बंद केलेला प्लायवुडचा डबा डोळ्यांसमोर आणा. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेते, प्लायवुड जवळजवळ नाही. दोघांच्या वाहकतेत हजारपटीहून अधिक फरक आहे. हीटसिंक आत असेल तर आतली हवा ५५ अंशांवर थांबणार नाही, ती चढत जाईल. मग आयसीतली संरक्षण यंत्रणा आउटपुट बंद करते, चिप थोडी निवली की पुन्हा सुरू करते. अर्ध्या तासाने आवाज तुटण्याचे कारण हे असते.

उपाय दोन. पहिला, हीटसिंक डब्याच्या पाठीवर बाहेर लावा, पाती उभी ठेवून. दुसरा, ते आत ठेवायचेच असेल तर तळाला आणि वर अशी दोन्हीकडे भोके पाडा आणि डब्याला रबरी पाय लावा. गरम हवा वर जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. नुसती वरची भोके पुरत नाहीत.

लक्षात ठेवा : टीडीए २०३० च्या पाठीचा धातूचा पत्रा पाय ३ ला, म्हणजे ऋण पुरवठ्याला आतून जोडलेला असतो. अभ्रकाची चकती आणि स्क्रूची प्लास्टिक बुश न लावता ती अर्थ केलेल्या डब्याला टेकवली, तर ऋण पुरवठा थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. आयसी बसवल्यावर मल्टिमीटरने पत्रा आणि डबा यांत संपर्क नाही हे तपासा.

४. घरघर : आत यायची वाट

घरघर दोन प्रकारची असते आणि कान तयार झाला की ती ओळखता येते. ५० हर्ट्झची खोल ‘घूं’ बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थच्या वेढ्यातून येते. १०० हर्ट्झची खरखरीत ‘बझ्झ’ रेक्टिफायरच्या प्रवाहातून येते.

आधी दुसरीकडे पाहू. फिल्टर कपॅसिटर सतत भरत नाहीत. ते सेकंदाला १०० वेळा, छोट्या पण मोठ्या शिखराच्या झटक्यांनी भरतात. हा झटका ५ अँपिअरचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेचा रोध फक्त ०.०१ ओहम असला, तरी त्या तारेच्या दोन टोकांत ०.०५ व्होल्टचा फरक पडतो. इनपुटचे ग्राउंड या तारेच्या एका टोकाला आणि फीडबॅकचे ग्राउंड दुसऱ्या टोकाला जोडले, तर हे ०.०५ व्होल्ट ३३ पटीने वाढून १.६ व्होल्ट होतात. ते स्पीकरमधून स्पष्ट ऐकू येतील.

म्हणून दोन कपॅसिटर जिथे जुळतात तिथून एक आखूड तार बाहेर काढा आणि तिच्या टोकाला ‘तारा बिंदू’ करा. इनपुट, फीडबॅक आणि स्पीकर यांची ग्राउंडची तार प्रत्येकी वेगळी या एकाच बिंदूवर आणा. भरण्याचे झटके त्या बिंदूच्या मागेच फिरतात.

आता ‘घूं’. ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र, थोडे दूर गेल्यावर, अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र एक-अष्टमांश. त्यामुळे लांबट डबा घ्या. एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या टोकाला इनपुट सॉकेट आणि आवाजाचे पॉट. इनपुटला शिल्डेड वायर वापरा. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, लोखंडी पत्रा काही प्रमाणात अडवतो. जुन्या डीव्हीडी प्लेअरची लोखंडी कॅबिनेट या कामाला उत्तम : ती लांबट असते, तिला आधीच भोके असतात आणि भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळते. मात्र भोके पाडताना बोर्ड बाहेर काढून ठेवा, लोखंडाचा एक कीस शॉर्ट करायला पुरतो.

५. अर्थिंग : इथे तडजोड नाही

समजा, ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या फेज वायरचे आवरण डब्याच्या कडेला घासून फाटले आणि तार पत्र्याला टेकली. डबा अर्थ केलेला असेल तर मोठा प्रवाह अर्थकडे वाहतो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर काहीच घडत नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. डबा २३० व्होल्टवर शांतपणे वाट पाहत राहतो. ॲम्प्लिफायर वाजतही राहतो. फ्यूज ५०० मिलीअँपिअरला उडणार, पण शरीरातून ३० मिलीअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही जीवघेणा ठरू शकतो. फ्यूज तुम्हाला वाचवत नाही, अर्थ आणि फ्यूज मिळून वाचवतात.

त्यामुळे हे नियम पाळा :

• तीन पिनचा प्लग आणि तीन तारांची केबल. अर्थची तार डब्याला स्वतंत्र बोल्टने, खालचा रंग खरवडून, घट्ट बसवा.
• ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, फेजच्या वायरवर, २५० ते ५०० मिलीअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. स्विचही फेजवरच.
• केबल आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट आणि आत क्लॅम्प, म्हणजे ओढ बसली तरी तार सुटणार नाही.
• लाकडी डबा असेल तरी बाहेरून हाताला लागणारे हीटसिंक अर्थ करा.

लॅपटॉप जोडल्यावर घरघर वाढली तर अर्थचा वेढा तयार झालेला असतो. अशा वेळी प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. डबा अर्थलाच राहू द्या. फक्त तारा बिंदू आणि डबा यांच्यामध्ये थेट तारेऐवजी १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, उलटसुलट दिशेने जोडलेले दोन जाड डायोड लावा. घरघरीचा छोटा प्रवाह रेझिस्टर रोखतो, बिघाडाचा मोठा प्रवाह डायोडमधून अर्थकडे जातो. असे केल्यास सॉकेट आणि पॉट यांचे धातूचे भाग सिग्नल ग्राउंडद्वारे डब्याला टेकत नाहीत ना, तेही पाहा. नाहीतर तो रेझिस्टर निरुपयोगी ठरतो.

वसतिगृहाच्या जुन्या इमारतीत सॉकेटच्या अर्थला खरोखर अर्थ आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. २३० व्होल्टची जोडणी तुम्ही पूर्वी कधीच केलेली नसेल, तर पहिला ॲम्प्लिफायर तयार १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर बांधा. टीडीए २०३० एकेरी पुरवठ्यावरही चालते, फक्त नकाशा वेगळा असतो.

६. पहिल्यांदा चालू करताना

इलेक्ट्रिशियन वापरतात तो सीरिज बोर्ड घ्या, ४० किंवा ६० वॅटच्या तारेच्या बल्बचा. एलईडी बल्ब चालत नाही. स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर या बोर्डावर लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा. बल्बमुळे प्रवाह मर्यादित राहतो आणि पार्ट सहसा वाचतात.

नंतर प्रत्येक आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. ते ५० मिलीव्होल्टच्या आत हवे. अनेक व्होल्ट दिसत असतील तर स्पीकर जोडू नका, त्याची कॉइल जळेल. सगळे बरोबर असेल तर आधी एखादा जुना, स्वस्त स्पीकर जोडा. अर्धा तास मध्यम आवाजात वाजवा आणि हीटसिंकला हात लावून पाहा. बोट टेकवून ठेवता आले तर तुमचे गणित जमले.

सारांश

आयसीचा नकाशा तुम्हाला तयार मिळतो. तो डब्यात कसा बसवायचा, हे मात्र नकाशावर छापलेले नसते आणि तिथेच बांधणाऱ्याचे काम सुरू होते. आधी कागदावर डबा काढा : ट्रान्सफॉर्मर कुठे, हीटसिंक कुठे, तारा बिंदू कुठे, अर्थचा बोल्ट कुठे. मग सोल्डरिंग आयर्न गरम करा.

स्वाध्याय

१. याच ॲम्प्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर जोडायचा असेल तर प्रत्येक आयसीला किती उष्णता रोधाचे हीटसिंक लागेल? (उत्तर : सुमारे ३.८ अंश प्रति वॅट)
२. स्पीकरचा रोध निम्मा केल्यावर हीटसिंकचा आवश्यक रोध निम्म्याहूनही कमी का होतो?
३. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून ६ सेंमीवरून १८ सेंमीवर नेला तर घरघर साधारण किती पट कमी होईल?
४. अर्थ नसलेल्या धातूच्या डब्यात फ्यूज असूनही धोका का राहतो, हे चार वाक्यांत लिहा.