मीटर बोलतो, पण निरोप पोचतो का?



ऊस काट्यावर आला की आपली नजर आधी आकड्याकडे जाते. भरलेल्या आणि रिकाम्या वाहनाच्या वजनाची स्लिप हातात पडल्याशिवाय आपण काट्यावरून हलत नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्या कारखान्यात असाच आणखी एक काटा आहे. तो उसाचे वजन करीत नाही. कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी कसे आहे, ते मोजतो. त्याचा आकडा आपल्या हातात पडत नाही, तारेवरून जातो. तो कसा जातो आणि वाटेत कोठे हरवू शकतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

पाणी कोठून येते?

उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. त्यात गिरण्या व भांडी धुतल्याचे पाणी, सांडलेला रस, यंत्रांचे तेल मिसळते. साखरेचा अंश असलेले पाणी साठले की आंबते, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. म्हणून आधी तेल वेगळे करतात, चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारतात आणि मग मोठ्या टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून उरलेला मळ खाववून घेतात. हे जिवाणू म्हणजे आपल्या दावणीची जनावरेच. पाणी फार आंबट झाले की ती खायची थांबतात, आणि पुन्हा अंगावर यायला दिवस लागतात.

माती परीक्षणाच्या कागदावर आपण 'सामू' वाचतो, तोच या पाण्याचाही मोजतात. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांसाठी जी मानके जाहीर केली, त्यांत शुद्ध केलेल्या पाण्याचा सामू ५.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा, असे आहे. पाण्यातील मळ किती प्राणवायू खातो, त्याला बीओडी म्हणतात. जमिनीवर सोडायच्या पाण्यात तो लिटरला १०० मिलिग्रॅम आणि नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. त्याआधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साखरेसह १७ प्रकारच्या उद्योगांनी अशी मोजमापे सतत, यंत्राने करून थेट मंडळाकडे पाठवावीत, असे निर्देश दिले.

मंडळाकडे जाणारी ओळ वेगळी आहे. तिला आपण हात लावीत नाही. आम्ही सांगतो आहोत ते कारखान्याने स्वतःच्या पाहणीसाठी बसवलेल्या दुसऱ्या ओळीबद्दल.

तारसेवा गेली, तारेचे काम राहिले

सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. घरी तार आली की काळजात धस्स होई, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आपल्या संगणकावर जो छोटा प्रोग्रॅम बसवला आहे, त्याचे नावही योगायोगाने 'टेलिग्राफ' असेच आहे. तो फुकट मिळतो. २०१५ पासून जगभर अनेक ठिकाणी वापरला जातो. त्याचे काम पोस्टातल्या जुन्या तारबाबूसारखे: मीटरकडून आकडे घ्यायचे, त्यावर वेळ टाकायची, गठ्ठा बांधायचा आणि इंटरनेटवरून दिलेल्या पत्त्यावर पाठवायचा. मात्र तारबाबूला जसे सांगावे लागे, तसे यालाही एका साध्या फाईलमध्ये लिहून द्यावे लागते. त्यात पाच गोष्टी असतात.

पहिली, काय वाचायचे. आपल्याकडे पाच मीटर आहेत. ते दोन तारांवरून 'मॉडबस' नावाच्या भाषेत बोलतात. या भाषेत पुष्कळदा दशांशचिन्ह नसते. सामू ७.२ असला तर मीटर '७२०' म्हणतो. शंभराने भागा, असे फाईलमध्ये लिहिले नाही तर पडद्यावर ७२० उमटते. दहानेच भागले तर ७२. क्विंटल आणि टन यांचा घोळ झाला तर काय होते, ते आपण जाणताच.

दुसरी, किती वेळाने वाचायचे. आपण काही सांगितले नाही तर हा प्रोग्रॅम दर १० सेकंदांनी वाचतो.

तिसरी, कोठे पाठवायचे. तेथे सर्व्हरचा पूर्ण पत्ता लागतो. एक अक्षर चुकले की '४०४' असा आकडा परत येतो. म्हणजे, या पत्त्यावर असे घर नाही. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असावे. त्यातला शेवटचा 'एस' म्हणजे पोस्टकार्डाऐवजी बंद पाकीट.

चौथी, आपली ओळख. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक गुप्त किल्ली जाते. ती चुकली तर '४०१' येतो: तुम्ही कोण, ते पटत नाही. सगळे नीट असेल तर '२००' येतो. रजिस्टर पत्राची पोचपावती असते ना, तशी ही समजावी.

पाचवी, ओळ तुटली तर काय करायचे. इथेच आम्ही फसलो.

ती एक रात्र

मागील हंगामातील गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास इंटरनेटची ओळ तुटली, ती सकाळी सहाला जोडली गेली. साडेआठ तास. ऑफिसातल्या पडद्यावर सामू रात्रभर ७.२ दिसत होता, कारण तो शेवटचा पोचलेला आकडा होता. प्रत्यक्षात चुन्याच्या निवळीचा पंप अडकला होता आणि पाणी आंबट होत चालले होते. मीटर खरे बोलत होता. निरोप पोचत नव्हता.

तुम्ही विचाराल, पाळीवरच्या माणसाला मीटरवरचा आकडा दिसला नाही का? दिसला असता. पण 'आता वर ऑफिसात दिसतंय की सगळं,' असे म्हणत मीटरकडे पाहायची सवयच आमची सुटली होती. दोष एका माणसाचा नव्हे, आम्हा सर्वांचा.

सकाळी वास आला तेव्हा उलगडा झाला. पाणी पुन्हा पहिल्या टाकीत वळवले, शेतीला जाणारे बंद केले. दोन दिवस पाळ्या चुकल्या. एक वयस्कर सभासद ऑफिसात येऊन म्हणाले, ''अहो साहेब, तुमच्या टीव्हीत सात दिसतंय म्हणता, मग माझ्या पाटात पाणी का नाही?'' याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते पाणी तसेच सोडले असते तर ओढ्याकाठच्या विहिरी कोणाच्या? आपल्याच सभासदांच्या.

मग हिशेबाला बसलो. ओळ तुटली की टेलिग्राफ नोंदी आपल्याजवळ साठवून ठेवतो आणि ओळ जोडली की त्या त्या वेळेसह पाठवतो. पण या साठ्याला मर्यादा असते, आपण बदलली नाही तर १०,००० नोंदींची. पाच मीटर, दर १० सेकंदांनी एक नोंद, म्हणजे मिनिटाला ३० आणि तासाला १,८००. साडेआठ तासांत झाल्या १५,३००. पोते भरल्यावर वरचे धान्य सांडते, पण इथे तळाचे गेले. हा प्रोग्रॅम नवी नोंद ठेवण्यासाठी सर्वांत जुनी टाकून देतो. अशा ५,३०० नोंदी, म्हणजे साडेनऊ ते सुमारे साडेबारा हे पहिले तीन तास, कायमचे गेले. पंप नेमका त्याच वेळी अडकला होता. साडेबाराची पहिली नोंद मिळाली तेव्हा सामू उतरलेलाच होता. बिघाड कधी सुरू झाला, ते आज कोणालाच सांगता येत नाही.

आता काय केले आहे?

सामू काही दर १० सेकंदांनी बदलत नाही. म्हणून आता मिनिटाला एकदाच वाचतो. तासाला ३०० नोंदी होतात, तोच साठा ३३ तास पुरतो. साठा संगणकाच्या चालू स्मरणात असतो, वीज गेली की तोही पुसला जातो. म्हणून संगणकाला बॅटरी जोडली आहे.

पडद्यावर प्रत्येक आकड्याशेजारी तो कधीचा, ती वेळ दाखवतो. दहा मिनिटे नवी नोंद आली नाही तर पडदा लाल होतो आणि पाळीच्या ऑफिसात घंटा वाजते. ही घंटा निरोप घेणाऱ्या बाजूला बसवली आहे, कारण ज्याची ओळ तुटली तो 'ओळ तुटली' हे कळवणार कसा?

वेळेचीही एक गंमत झाली. हा प्रोग्रॅम जागतिक वेळ लिहितो, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी सहाची नोंद मध्यरात्री साडेबाराची दिसू लागली. आता पडद्यावर भारतीय वेळ लावली आहे.

फाईलमध्ये काही बदल केला तर आधी नुसती चाचणी घेतो. त्यात आकडे पडद्यावर येतात, बाहेर जात नाहीत. ते मीटरशी ताडून पाहिल्यावरच पुढे पाठवतो.

आणि शेवटचे, पण आमच्या मते सर्वांत मोलाचे: पाळीवरचा माणूस दर दोन तासांनी मीटरपाशी जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी आकडा पाहून वहीत लिहितो. वही आणि पडदा जुळले नाहीत तर केमिस्टला उठवायचे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

सभासदांनी काय विचारावे?

तुमच्यापैकी पुष्कळांची मुले आज शेतात ओलावा मोजणारी यंत्रे आणि मोबाईलवरून सुरू होणारे पंप बसवीत आहेत. तीही अशीच कोठेतरी आकडे पाठवतात. त्यांना तीन प्रश्न जरूर विचारा. हा आकडा कधीचा? ओळ तुटली तर किती तास साठतो? आणि निरोप आलाच नाही, तर मला कोण सांगणार?

आकडा वाईट आला तर धावपळ करता येते. आकडाच आला नाही तर माणूस स्वस्थ झोपतो, आणि नुकसान झोपेतच होते. कामानिमित्त कारखान्यावर आलात तर शुद्धीकरण विभागात जरूर डोकवा. वही तिथेच टेबलावर असते. मीटर पाहा, वही पाहा, पडदा पाहा. तिन्ही जुळले नाहीत तर आम्हाला खडसावून विचारा. काट्यावर विचारता, तसेच.