खालचा थर

गुलमर्गला दोन रात्री सारखा बर्फ पडत होता. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि भाचा म्हणाला, ''मामा, आज जायलाच हवं. असा बर्फ पुन्हा मिळायचा नाही.'' गोंडोलाने अफरवटवर जायचं आणि राखलेली वाट सोडून, कुणाचंही पाऊल न पडलेल्या उतारावरून स्की करत खाली यायचं, असा त्याचा बेत. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उतार इतका शुभ्र आणि शांत होता!

वर पोहोचल्यावर आमच्या काश्मिरी वाटाड्याने मात्र त्याच दिशेच्या एका लहानशा चढावर कमरेएवढा खड्डा खणला. बर्फाच्या उभ्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते. वरचा ताजा, मऊ. मधला वाऱ्याने दाबून घट्ट झालेला. तळाचा हातात घेतला, तर साखरेसारखा बोटांतून ओघळला.

हा थर हिवाळ्याच्या सुरुवातीचा. थोडा बर्फ पडतो, मग निरभ्र, कडाक्याच्या थंडीचे दिवस येतात. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा कितीतरी गार. खालची वाफ वर सरकते आणि कणांचे मोठे, सुटे स्फटिक बनतात. ते एकमेकांना धरत नाहीत. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशा थरावर नवा बर्फ साचला, की एका माणसाचं वजनही पुरतं. अख्खी लादी सुटते.

बँकेत आयुष्य गेलेल्या मला हे लगेच पटलं. वरून देखणी दिसणारी खाती मी पुष्कळ पाहिली. बुडवणारं कर्ज जुनं आणि तळाशी दडलेलं असे.

याच अफरवटच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये जवळच्या खिलनमर्गला लष्कराचे सतरा जवान गेले. हौशी भटक्यांच्या बहुतेक अपघातांत बर्फ सुटतो तो स्वतःच्या किंवा सोबत्याच्याच वजनाने. गाडलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत काढलं, तर बहुधा तो वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. खालून मदत येईपर्यंत ही वेळ टळून जाते. म्हणून प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडं हवं, आणि उतारावर एका वेळी एकानेच जायचं. पायाखाली 'धप्प' आवाज होऊन बर्फ खचला किंवा भेगा धावल्या, तर मुकाट्याने परतायचं.

आम्ही राखलेल्या वाटेने उतरलो. भाचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी तो उतार जागच्या जागी होता. ''बघ, काही झालं नाही!'' तो म्हणाला.

मी वाद घातला नाही. रात्री बहिणीचा फोन आला. ''पोरगं कसं आहे?'' तिने विचारलं.

''रुसलंय,'' मी म्हणालो. ''जेवतंय.''