किराण्यात खोकल्याची शिशी ठेवता? आधी तिचं बिल दाखवा

गावात मेडिकल नाही, दवाखाना लांब. रात्री लेकराला खोकला आला की आपण किराणावाल्याचंच दार वाजवतो. तोही माणुसकीनं एक शिशी काढून देतो. मेळघाटातल्या धारणीपासून तेल्हारा, बार्शीटाकळीपर्यंत हेच चालतं. पण ती शिशी दुकानात आली कुठून, हे ना घेणारा विचारतो, ना देणारा सांगू शकतो. खरी भानगड तिथंच आहे.

वरुडच्या पलीकडं पांढुर्णा अन् त्याच्यापुढं छिंदवाडा. तिथल्या परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘कोल्ड्रिफ’ सिरप पिऊन वीसाहून जास्त लेकरं दगावली. बरीचशी नागपूरला भरती होती. तपासणीत सिरपात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं ते फार तर ०.१ टक्का. हे कारखान्यात वापरायचं रसायन, पण चवीला गोड, म्हणून लेकरू थुंकत नाही. मग मूत्रपिंड निकामी होतं, लघवी बंद पडते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात याच विषानं १४ रुग्ण गेले होते, म्हणजे हे नवं नाही.

आता ध्यानात घ्या, त्या शिशीवर कंपनीचं नाव, बॅच, मुदत सगळं छापलेलं होतं. लेबल पाहून कोणालाच काही कळलं नसतं. अशा वेळी कामी येतं ते बिल. ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं ‘एसआर-१३’ बॅच थांबवा असा इशारा काढला. असा इशारा निघाला की अधिकारी ठोक विक्रेत्याच्या बिलावरून मेडिकलपर्यंत पोचतात अन् माल थांबवतात. बिनबिलाची शिशी कोणत्या गावात, कोणत्या फळीवर आहे, हे त्यांना कळावं कसं? ती विकत राहते.

बरेच दुकानदार म्हणतात, “किराण्यात औषधाला सूट आहे न बाप्पा!” आहे, पण ती अर्धीच ऐकलेली. औषध नियमांच्या ‘अनुसूची के’ मध्ये पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याचं औषध अशा घरगुती औषधांना ती सूट आहे. गावाची लोकसंख्या हजाराच्या वर नको, माल परवानाधारकाकडूनच घेतलेला पाहिजे, अन् मूळ पाकीट न फोडता विकला पाहिजे. म्हणजे पत्त्यातून दोन गोळ्या कापून देणंही बसत नाही. कापलेल्या तुकड्यावर मुदतही राहत नाही. छिंदवाड्यानंतर यादीतून सिरप काढायचा प्रस्तावही आला आहे. अँटिबायोटिकला तर ही सूट कधी नव्हतीच.

सूट लागू नसताना बिनपरवाना विकलं तर १९४० च्या औषध कायद्यात ३ ते ५ वर्षं कैद अन् किमान १ लाख दंड आहे. “मले माहीत नोहतं” हे तिथं चालत नाही. माल कोणाकडून घेतला ते सांगावंच लागतं. मोटारसायकलवर पिशवी घेऊन येणारा तेव्हा सापडतो थोडाच!

तर आजच फळी तपासा. ज्याचं बिल नाही ते विकू नका. शंका असली तर औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल-फ्री नंबरवर विचारा. अन् मायबापहो, दोन वर्षांखालच्या लेकराला खोकला-सर्दीचं औषध देऊच नये, अशी केंद्राच्या आरोग्य खात्याची सूचना आहे. सिरप दिल्यावर उलट्या झाल्या, लघवी कमी झाली तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. शिशी फेकू नका, सोबत न्या. बॅच नंबर तिच्यावरच असतो.