महामार्गाच्या कडेचं माहेर

जालन्याहून मेहकरकडे जाणारी एसटी सिंदखेडराजात शिरली की खिडकीजवळचे प्रवासी हमखास बाहेर वाकून पाहतात. रस्त्याला अगदी खेटून एक उंच, जुनं प्रवेशद्वार उभं आहे. हा लखुजीराव जाधवांचा भुईकोट राजवाडा. याच वाड्यात 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला. मुंबई-नागपूर हा जुना महामार्ग वर्षानुवर्षं या दारासमोरून वाहिला. कापसाचे ट्रक, रातराण्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं इथूनच गेलं.

मुंबईचा दादाभाई नौरोजी रस्ता इमारतींसाठी नावाजलेला आहे. पण त्या इमारती जेमतेम शंभर-दीडशे वर्षांच्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात मात्र मराठ्यांच्याही कितीतरी आधीच्या मंदिरांपासून जाधवांच्या वाड्यापर्यंतच्या वास्तू एका दिवसात पायी पाहून होतात. तरीही बहुतेकांचं सिंदखेड वाड्याच्या दारातच संपतं, हे मनाला लागतं.

गावाच्या नावातला ‘राजा’ जाधवांचा. देऊळगावराजा, किनगावराजा, आडगावराजा, मेहुणाराजा अशी पंचक्रोशीतली नावं वाचत गेलं की या घराण्याचा पसारा नकाशा न उघडताच समजतो. निजामशाहीतले हे मातब्बर सरदार. वाड्याच्या आत आज बराचसा भाग जोती, भिंती आणि तळघरांच्या रूपातच उरला आहे. पण जिजाऊंच्या जन्मस्थानाची खोली पाहायला आलेला माणूस तिथं आवाज आपोआप खाली आणतो. 12 जानेवारीला सूर्योदयाच्या सुमारास इथं पूजा होते आणि त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तिथीनं येणाऱ्या पौष पौर्णिमेलाही पूजा होते. लोक इथं स्मारक पाहायला येत नाहीत, आईच्या माहेरी येतात.

या माहेरावर 1629 साली घाला पडला. त्या वर्षीच्या जुलैत निजामशहाच्या देवगिरीवरच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, तसंच नातू यशवंतराव यांना दग्यानं ठार मारण्यात आलं. पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. म्हणजे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेल्याची बातमी जिजाऊंना कळली, तेव्हा महाराज पोटात होते. लखुजीरावांच्या समाधीसमोर उभं राहिलं की ही गोष्ट डोक्यातून जात नाही. समाधी कसली, एखाद्या महालाएवढी चौकोनी, घुमटाची इमारतच ती. हिंदू राजाची देशातली सर्वांत मोठी समाधी हीच, असं गावकरी अभिमानानं सांगतात.

याच समाधीपाशी जून 2024 मध्ये एक नवल घडलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून समाधीच्या जतनाचं काम चालू होतं. खणताना जमिनीत काही दगड दिसले, मग एका मंदिराचा पाया लागला आणि आणखी खाली गेल्यावर शेषशायी विष्णूची मूर्ती प्रकटली. लांबी सुमारे 1.70 मीटर, उंची सुमारे 1 मीटर. विष्णू शेषावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चेपते आहे आणि खालच्या पट्टीत समुद्रमंथन कोरलेलं आहे. दगडही वेगळा आहे. वऱ्हाडात सगळीकडे दिसणारा काळा पाषाण हा नव्हे. क्लोराइट शिस्ट नावाच्या या मऊ दगडात छिन्नी सहज चालते, म्हणून दागिन्यांचे बारकावेसुद्धा उतरतात. आपल्या पायाखाली एवढं काही असेल, हे गावाला तोवर ठाऊक नव्हतं.

नीलकंठेश्वराचं देऊळ त्याहून परिचयाचं. प्राचीन मंदिराचा लखुजीरावांनी जीर्णोद्धार केला आणि तसा शिलालेखही तिथं आहे. रामेश्वराचं हेमाडपंती देऊळ त्याच परंपरेतलं. रंगमहालाची आख्यायिका तर घरोघरी माहीत आहे: रंगपंचमीला लहानगे जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवू लागले, लखुजीराव कौतुकानं ‘जोडा शोभतो’ म्हणून गेले आणि शहाजींचे वडील मालोजीराजे यांनी तो शब्द धरून ठेवला.

पण या गावाचं खरं मोठेपण पाण्यात आहे. मराठवाड्याला लागून असलेला हा टापू. पाऊस बेभरवशाचा, जमिनीखाली कातळ, आणि त्या कातळाच्या भेगांत साठेल तेवढंच पाणी. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. त्यावर जुन्या लोकांनी बारव हा उपाय काढला. पाणी जसजसं खाली जाईल तसतसं माणसानं पायऱ्या उतरून त्याच्यामागं जायचं. इथल्या पुतळा बारवेत उतरताना भिंतीतल्या मूर्ती जवळून पाहता येतात, तिचं नाव त्यांच्यामुळेच पडलं. सजना बारवेतलं पाणी तर बंद नळातून गावाकडे नेलेलं होतं. ना मोट, ना पंप, नुसत्या उताराच्या जोरावर!

मोती तलाव पावसाळ्यात पाहावा. त्याचा बांध मातीचा ढिगारा नव्हे, किल्ल्याच्या तटासारखी चिरेबंदी भिंत आहे. साठलेल्या पाण्याचा रेटा तळाशी सर्वांत जास्त असतो, तो शतकानुशतकं पेलायचा तर भिंत तशीच तगडी हवी. चांदणी तलावात मधोमध एक इमारत आहे, तलाव भरला की ती पाण्यात उभी असल्यासारखी दिसते. तलवारीच्या जोरावर जहागीर मिळवणाऱ्या सरदारानं रयतेच्या घागरीचाही एवढा विचार केला, ही गोष्ट शाळेच्या सहलीत मुलांना आवर्जून सांगायला हवी.

तलाव असे पुरे झाले; गावातला रुंद भिंतींचा काळाकोट हा किल्ला मात्र अर्धवटच राहिला.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि नागपूरहून पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांना सिंदखेडराजात शिरायची गरज उरली नाही. त्या महामार्गावर सिंदखेडराजाला उतरण्याची सोय आहे. तिथं उतरणाऱ्यानं हाताशी निदान अर्धा दिवस ठेवावा. वाड्यात जन्मस्थानाचं दर्शन घेऊन समाधीकडे जावं, नीलकंठेश्वराचा शिलालेख पाहावा आणि उन्हं कलली की मोती तलावाच्या भिंतीवर यावं. पाऊस चांगला झाला असेल तर तेव्हा पाणी भिंतीला भिडलेलं असतं.