मासा केवढा आणि कोणता?

मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या मासळीबाजारात जो मासा रावस म्हणून ओळखला जातो, त्याला खानावळींच्या इंग्रजी यादीत ‘इंडियन सॅमन’ असे भारदस्त नाव मिळालेले आढळते. वस्तुतः रावसाचा आणि सॅमनचा काडीइतकाही संबंध नाही. दोघांची कुळे भिन्न आहेत. रावस हा उष्ण प्रदेशातील किनाऱ्यालगतच्या समुद्राचा व खाड्यांचा रहिवासी. तर खरा सॅमन उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक या दोन महासागरांच्या थंड पाण्यात वाढणारा. नावामुळे होणारी ही फसगत निरुपद्रवी आहे. परंतु ज्या देशांच्या नद्यांत खरा सॅमन येतो, तेथेही तो मासा माणसाला फसवीत असतो. मोठा सॅमन गळाला लागला की तो केवढा आणि कोणत्या जातीचा, हे दोन प्रश्न काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला पडतात. आणि दोहोंची उत्तरे बहुधा घाईने दिली जातात.

सॅमनचा जन्म नदीच्या उथळ, रेताड-खडकाळ पात्रात होतो. पुढे तो समुद्रात जातो, तेथे एक किंवा अधिक हिवाळे काढून पुष्ट होतो, आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परततो. अटलांटिकच्या बाजूस त्याची एकच जात आहे. पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावर मात्र चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम अशा पाच जाती नांदतात. त्यांपैकी चिनूक सर्वांत थोर अंगाचा. या पाचही जातींचे मासे अंडी घातल्यावर मरून जातात. अटलांटिक सॅमनपैकी काही मात्र पुन्हा समुद्र गाठतात.

प्रथम वजनाचा प्रश्न घेऊ. पाण्यातला मासा पाहताना पहिली चूक डोळाच करतो. प्रकाशकिरण पाण्याबाहेर येताना वळतात. त्यामुळे वरून पाहणाऱ्यास खोली खऱ्याच्या सुमारे तीन-चतुर्थांशच भासते. मासा जवळ आल्यासारखा वाटतो, आणि जे जवळ ते मोठे दिसते. त्यात बराच वेळ झुंजलेल्या माणसाच्या मनाचा उत्साह मिसळला म्हणजे अंदाजाला धरबंध राहत नाही.

दुसरी चूक गणिताची आहे. माशाचे वजन लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. अंगलोट सारखीच राहिली तर ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० इंचांचा मासा १० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोचा धरला, तर त्याच बांध्याचा ३३ इंचांचा मासा १३ पौंडांहून अधिक भरतो. लांबीत केवळ तीन इंचांची, म्हणजे दहा टक्क्यांची चूक झाली, तर वजनात तेहतीस टक्क्यांची चूक पदरी पडते. म्हणूनच नजरेने सांगितलेल्या वजनावर जाणते लोक विश्वास ठेवीत नाहीत.

यावर गळ टाकणाऱ्यांनी एक सोपा हिशेब रूढ केला आहे. माशाचा सर्वांत जाड भागाचा घेर इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि ८०० ने भागावे. वजन पौंडांत मिळते. ४० इंच लांब व २० इंच घेराचा मासा या रीतीने २० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९ किलोंचा ठरतो. यातील ८०० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मासा जर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जाडीचा, पाण्याइतकाच जड असा गोल ओंडका असता, तर सुमारे ३५० ने भागावे लागले असते. मासा दोन्ही टोकांना निमुळता असतो. म्हणून भाजक वाढवावा लागतो. साहजिकच जो मासा अधिक भरीव, त्याला हा हिशेब अन्याय करतो.

याचा उत्तम दाखला स्कॉटलंडमधील टे नदीचा आहे. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या महिलेने तेथे ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅमन गळाने धरला. ब्रिटनमधील तो विक्रम शंभर वर्षे उलटूनही अबाधित आहे. त्या माशाची लांबी ५४ इंच आणि घेर साडेअठ्ठावीस इंच नोंदला गेला. वरील हिशेब केल्यास उत्तर येते सुमारे ५५ पौंड. म्हणजे तराजूवर मासा घातला नसता, तर नऊ पौंडांचे माप इतिहासातून गळून पडले असते! उलट, अंडी घालून रोडावलेला मासा लांबीला तेवढाच राहतो, पण वजनाने बराच उतरतो. तेथे हाच हिशेब अधिक उदार ठरतो, आणि घेर न मोजता केवळ लांबीवरून केलेला अंदाज तर पार चुकतो.

तराजूचेही एक वैगुण्य आहे. अलास्कातील कीनाय नदीत १७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन यांनी धरलेला चिनूक ९७ पौंड ४ औंस, म्हणजे ४४ किलोंहून थोडा अधिक भरला आणि गळाने धरलेल्या चिनूकचा जागतिक विक्रम ठरला. तो काट्यावर चढला तो पाण्याबाहेर काढल्यावर काही तासांनी. तोवर अंगातले पाणी आटून त्याचे वजन घटले असावे, असे अनेक जाणकार मानतात.

आता दुसरा प्रश्न : मासा कोणता? समुद्रातून नुकतेच आलेले सगळेच सॅमन रुपेरी असतात, आणि तेथेच घोटाळा होतो. चिनूक आणि कोहो यांत फरक करताना आकारावर विसंबता येत नाही, कारण लहान चिनूक आणि थोर कोहो सारखेच दिसतात. खूण तोंडात आणि शेपटीवर असते. चिनूकच्या खालच्या जबड्यातील हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर काळे ठिपके असतात. कोहोच्या हिरड्या दातांच्या मुळाशी पांढुरक्या आणि ठिपके बहुधा शेपटीच्या वरच्या पाळीवरच असतात. पिंकच्या शेपटीवर मोठे लांबट ठिपके असतात. सॉकाय व चम यांच्या शेपटीवर असे काळे ठिपके नसतात. स्कॉटलंडमध्ये सॅमन व समुद्री ट्राउट यांचा घोटाळा होतो. तेथे सॅमनचा वरचा जबडा डोळ्याच्या मागल्या कडेपलीकडे जात नाही आणि शेपटीचे मूळ बारीक असते, या खुणा उपयोगी पडतात.

नदीत काही काळ राहिल्यावर रंग पालटतो. सॉकायचे अंग लाल व डोके हिरवे होते, चमच्या कुशीवर उभे पट्टे उमटतात, पिंकच्या नराला वशिंड येते. ओळख सोपी होते. परंतु तोवर माशाची शक्ती ओसरू लागलेली असते.

हा सगळा खटाटोप केवळ फुशारकीसाठी असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त ठरला आहे. ज्या नदीत कोहो धरण्यास मुभा आणि चिनूक धरण्यास बंदी, तेथे हिरडीचा रंग न पाहणारा मनुष्य नकळत वाचवायचा मासा मारून बसतो. त्या राज्यात सोडून द्यावयाचा सॅमन नदीतील पाण्याबाहेर पूर्णपणे उचलण्यासही मनाई आहे. यूकॉन नदीच्या चिनूकसाठी तर अलास्का व कॅनडा यांनी एप्रिल २०२४ मध्ये सात वर्षांची मासेमारीबंदी मान्य केली. कारण त्या माशाच्या जीवनाचा एक फेरा पुरा होण्यास सुमारे तेवढा काळ लागतो. अटलांटिक सॅमनची जागतिक स्थितीही खालावल्याचे २०२३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जाहीर केले. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या सॅमनपैकी नऊ-दशांशांहून अधिक आता जिवंत सोडले जातात.

सोडून द्यावयाचा मासा तराजूवर टांगता येत नाही. म्हणून एके काळी केवळ गप्पांचा विषय असलेला अंदाज आज नोंदीचे साधन बनला आहे. मासा जाळ्यात, पण पाण्यातच ठेवावा. हात ओले असावेत. हिरडी व शेपटी आधी पाहावी. लांबी आणि जमल्यास घेर फितीने झटपट मोजावा. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. आणि मासा स्वतःच्या बळावर निसटेपर्यंत त्याचे तोंड प्रवाहाकडे धरावे. मग घरी बसून हिशेब खुशाल करावा. तो चार पौंडांनी चुकला तरी बिघडत नाही. मासा मात्र वरच्या पात्रापर्यंत पोचला पाहिजे. कारण पुढच्या पिढीच्या गळाला लागणारा मासा त्याच्याच अंड्यांतून निपजावयाचा असतो.