मूळव्याध समजून अंगावर काढलेला कर्करोग आणि साडेपाच आठवड्यांचा उपचार



आपल्या प्रार्थना-विनंत्यांत कर्करोगाचे रुग्ण नेहमी असतात. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, असे आपण स्पष्ट लिहितो. गुदद्वाराच्या कर्करोगाचे नाव मात्र त्या यादीत मी कधी वाचलेले नाही. हा आजार विरळ आहे हे खरे, पण नाव न येण्याचे मुख्य कारण लाज आहे. मेळघाटातून अमरावती-अकोल्याला येणाऱ्या रुग्णांसोबत मी काम करते. या आजाराचे जे थोडे रुग्ण मला भेटले, ते जवळजवळ सगळे उशिरा आलेले होते. तरीही उशिरा आलेल्या रुग्णाचा हा कर्करोग पुष्कळदा बरा होऊ शकतो, आणि तोही शस्त्रक्रियेविना. तो कसा, आणि त्यात आपले काम कुठे येते, हे सांगण्यासाठी हा लेख.

उशीर का होतो

शौचाला रक्त, बसताना दुखणे, कोंब आल्यासारखे वाटणे, खाज. ही लक्षणे मूळव्याधीचीही आहेत. म्हणून माणूस आधी घरचे औषध करतो, मग गावच्या भुमकाकडे जातो, मग बाजाराच्या दिवशी मूळव्याधीचा लेप देणाऱ्याकडे. बाई असेल तर नवऱ्यालाही सांगत नाही. बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली शुभवर्तमानातील स्त्री गर्दीत मागून का आली, हे या बायकांकडे पाहिले की समजते.

एक खूण लक्षात ठेवावी. चार आठवडे औषध करूनही रक्त थांबत नसेल, न भरणारी जखम किंवा कडक गाठ हाताला लागत असेल, किंवा जांघेत अवधाण उठून बसत नसेल, तर डॉक्टरांनी बोटाने तपासलेच पाहिजे. ही तपासणी दोन मिनिटांची असते. त्यानंतर गाठीचा छोटा तुकडा काढून तपासतात, एमआरआय आणि सीटी स्कॅन करतात, एचआयव्हीची चाचणीही करतात. बाई असेल तर गर्भाशयाचे मुखही तपासून घ्यावे.

याचे कारण असे की या आजाराच्या 10 पैकी सुमारे 9 रुग्णांत एचपीव्ही नावाचा विषाणू सापडतो, आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागेही तोच असतो. हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी लागून जातो. तेव्हा या आजारावरून कोणाच्या चारित्र्याविषयी तर्क करू नये. विडी-सिगारेट आणि कमी झालेली प्रतिकारशक्ती यांनी धोका वाढतो.

शस्त्रक्रिया मागे कशी पडली

पूर्वी या आजाराला एकच उपाय होता. गुदद्वार आणि गुदाशय काढून टाकायचे आणि पोटाला कायमचे शौचाचे तोंड करायचे. 1974 साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथील शल्यविशारद डॉ. नॉर्मन निग्रो यांनी तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. गाठ लहान होऊन शस्त्रक्रिया सोपी व्हावी म्हणून त्यांनी आधी किरणोपचार आणि त्यासोबत 5-एफयू व मायटोमायसिन ही औषधे दिली होती. दोघांची शस्त्रक्रिया झाली, तर काढलेल्या भागात कर्करोग उरलेलाच नव्हता. तिसऱ्याने शस्त्रक्रियेला नकार दिला आणि तोही बरा राहिला.

पुढे ब्रिटनमध्ये 585 रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 1996 मध्ये आले. नुसते किरण दिलेल्यांपैकी 59 टक्के रुग्णांत त्या जागचा आजार आटोक्यात राहिला नाही. किरणांसोबत औषधे दिली तेव्हा हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. तेव्हापासून दोन्ही उपचार एकत्र देणे हीच जगभरची पद्धत आहे.

एकत्र का, असे नातेवाईक विचारतात. किरण कर्करोगाच्या पेशीच्या आतील धाग्याला तोडतात. पेशी तो तुटलेला धागा पुन्हा जोडू पाहते. औषध तिला तो जोडू देत नाही. म्हणून दोन्ही एकाच वेळी द्यावे लागतात. आधी एक आणि सवडीने दुसरे, असे करून तो परिणाम मिळत नाही.

उपचार कसा चालतो

पुष्कळ ठिकाणी 50.4 ग्रे इतका किरणांचा डोस 28 भागांत देतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, म्हणजे साडेपाच आठवडे. रोजचे काम काही मिनिटांचे असते आणि त्या वेळी दुखत नाही. पहिल्या आठवड्यात मायटोमायसिनचे इंजेक्शन आणि चार दिवस 5-एफयूची सलाइन. पाचव्या आठवड्यात 5-एफयू पुन्हा. काही ठिकाणी सलाइनऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देतात.

गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असली, योनीपर्यंत पोहोचलेली असली किंवा जांघेतील गाठींत उतरलेली असली, तरी आजार वाढलेला असूनही उपचार हाच असतो. फक्त किरणांची आखणी मोठी होते आणि डोस काही वेळा वाढवतात. अशा रुग्णांपैकीही, उपचार पूर्ण झाल्यास, निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांनंतर हयात असतात. यकृतात किंवा फुप्फुसांत पसरलेला आजार मात्र सहसा मुळापासून जात नाही. तिथे औषधांनी आयुष्य वाढते आणि किरणांनी दुखणे कमी होते.

चौथा आठवडा

पहिले दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसायच्या जागेची आणि जांघेची कातडी भाजल्यासारखी सोलते, जुलाब लागतात, लघवीला आग होते. पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे ताप आला तर त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो. नेमके याच वेळी आमचे लोक म्हणतात, ‘लाइटनं जाळलं, आता गावी जातो.’ त्यात होळी आली तर कोरकू माणसाला थांबवणे फार अवघड. पण मधे खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि आधीचे सोसलेले वाया जाऊ शकते. कोमट पाण्याच्या टबात बसणे, डॉक्टरांनी दिलेले मलम, सुती सैल कपडा, दुखणे थांबवणारी योग्य औषधे आणि भरपूर पाणी, एवढ्याने हे दिवस निघतात. उपचारानंतर कातडी काही आठवड्यांत भरून येते. तरुण बायकांना पाळी बंद होणे, मूल न होणे आणि योनी आखडणे यांविषयी उपचाराआधीच सांगावे. आखडणे टाळण्याचे उपाय आहेत.

उपचार संपल्याबरोबर गाठ गेली नाही म्हणून घाबरू नये. ब्रिटनच्या दुसऱ्या, 940 रुग्णांच्या चाचणीत, 11 व्या आठवड्यात ज्यांची गाठ पूर्ण गेली नव्हती त्यांपैकी सुमारे 72 टक्क्यांची 26 व्या आठवड्यापर्यंत गेली. तोवर तपासण्या चुकवायच्या नाहीत. त्यानंतरही उरली किंवा परत आली, तर शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा असतो.

आपले काम

किरणोपचारासाठी आपल्या रुग्णांना अकोल्याचे संत तुकाराम हॉस्पिटल किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जवळचे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. शिधापत्रिका आणि आधार सोबत हवे. पण रोज येऊन किरण घेणाऱ्याची खोली, सोबतच्या माणसाचे जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी तिच्यात बसत नाही. धारणीहून रोज ये-जा शक्य नाही. माझ्या पाहण्यात उपचार औषधाअभावी क्वचित थांबतो. तो खोलीअभावी थांबतो.

हे आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाच्या परंपरेने केव्हाच ओळखले आहे. शेंडगावला जन्मलेल्या आणि 1956 साली वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना आसरा देते. वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या स्मरणार्थ उभारलेले निवासही त्याच कामासाठी आहे. अकोल्यात आणि नागपुरात आपल्या मंडळीची घरे आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी सहा आठवड्यांसाठी ती द्यावी. तळमजल्यावर असावी आणि संडास जवळ असावा. ज्यांना खोली देता येत नाही त्यांनी दोन माणसांचा डबा द्यावा; मऊ भात, वरण, ताक, तिखट नको. एखाद्याने चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात रोज संध्याकाळी जाऊन ताप मोजावा, आणि रात्री गाडी लागली तर ती काढण्याची तयारी ठेवावी. रुग्णाला आजार काय आहे हे सर्वांदेखत विचारू नये. नावे आपल्या मंडळीच्या सेक्रेटरींकडे द्यावीत. होळीच्या आधी यादी पूर्ण व्हावी, एवढीच घाई आहे.